कसूर कोणाचा?

नरहरपंत अहलकार फुटबॉलची मॅच बघायला यायचे आणि आमची टीम ज्या गोलावर चाल करायची त्याच्याकडं पाठ करून खुर्ची मांडायचे. हाफटाइमला गोल बदलले की तेही उठून खुर्ची फिरवून घ्यायचे. गोल झाला, लोक टोप्या उडवू लागले, तरी पंत मान वळवणार नाहीत. शेजाऱ्याला विचारणार, "झाला का?" झाला म्हटलं की, "होणारच. पास बघितला न्हाई का तुम्ही?" आणि हुकला म्हटलं तरी तेच, "हुकणारच. पास बघितला न्हाई का?"

त्यांची नजर फक्त आमच्या सेंटर हाफवर, गौसवर. "चेंडूत काय बघता? देणाऱ्याचा पाय बघा!" हे दिवसातून चारदा तरी ऐकावं लागायचं.

पंत नांदेडच्या मुनसफीत अहलकार, म्हणजे कोर्टातले कारकून. दिवसभर निजामाच्या कोर्टात उर्दूत खटल्यांच्या मिसला लिहायच्या आणि संध्याकाळी मैदानावर आमचा मुकदमा चालवायचा. आम्ही घामाघूम, तहानेनं जीव चाललेला, आणि हे शेरवानीत मधोमध उभे. "मुलजिम हाजिर हो!" आरोपी कायम गौस. सेंटर फॉरवर्ड मी. मी मोकळ्या गोलासमोरून चेंडू आभाळात मारला तरी कसूर गौसचाच. "अरे, ह्याला कडेवरच्या पोरासारखं भरवावं लागतं, हे तुला ठाऊक न्हाई का? देणाऱ्यानं बघून द्यावं!" म्हणजे निर्दोष सुटायचो मी आणि अब्रूही माझीच जायची.

गौस नुसता हसायचा. "जी पंत, सजा मंजूर."

एकदा मी वैतागून म्हणालो, "पंत, कधीतरी माझीबी चूक निघू द्या की!"

"तेवढी तुझी लायकी न्हाई," पंत म्हणाले आणि पानाचा डबा उघडला.

असा हा माणूस. मुनसफीच्या मागं एका खोलीत एकटाच राहायचा, स्वतःचं स्वतः रांधायचा. बायको का केली नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आयुष्यात चेंडूला पाय लावला नसेल आणि आम्हाला शिकवतोय, असं आम्ही पाठीमागं म्हणायचो. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण आमची टीम ज्यांची, ते कापसाच्या जिनिंगचे मालक पंतांचा शब्द प्रमाण मानायचे.

त्या साली फायनल लातूरला होती. लातूरवाल्यांनी आधी दोनदा आमचं नाक कापलेलं. मॅचच्या आधी मालकांनी आम्हाला उभं केलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "औंदा हरलात, तर ज्याच्यापायी हरलात त्यानं माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

मला काय त्याचं? मी आडत्याचा पोरगा, हौसेनं खेळणारा. पण गौसचा चेहरा उतरला. त्याला जिनिंगवर ठेवलं होतं तेच मुळी खेळापायी. राहायची खोलीसुद्धा मालकांची. त्या खोलीत म्हातारी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी.

मैदानाला लोकांचं कडं पडलं होतं. तेलाच्या घाण्यांवरचे, डाळीच्या बाजारातले हमाल, सगळं लातूर लोटलेलं आणि सगळं आमच्या नावानं ओरडतंय. शेवट आला तरी गोल कुणाचाच नाही. आणि तेवढ्यात मी सुटलो. अगदी मोकळा. "गौस, दे!" म्हणून बोंबललो. गौसनं चेंडू धरून ठेवला. का ठेवला, देव जाणे. दिला तो उशिरा आणि माझ्या पाठीमागं. लातूरच्या बॅकनं तो उचलला, लांब मारला, आणि आमचा गोली हात वर करून उभा राहायच्या आत गोल. शिट्टी झाली. खेळ खलास.

मालक मैदानात आले. "कोणापायी?"

मी जमिनीकडं बघत राहिलो. गौसच्या ओठांना कोरड पडलेली दिसत होती. बाहेर लातूरवाले डबे बडवत होते.

मालक पंतांकडं वळले. "पंत, तुमची नजर ह्या गौसवरून हालत न्हाई. तुम्हीच सांगा. कसूर कोणाचा?"

पंतांचा फैसला आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता. गौस संपला, एवढंच माझ्या मनात आलं. पंतांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

"घेणाऱ्याचा."

मी आ वासून बघत राहिलो.

"पास सोन्यासारखा होता. हे गाढव जागेवरून हाललंच न्हाई."

गौस पुढं झाला. "न्हाई मालक, माझाच पाय..."

"चूप!" पंत असे गरजले की मालकसुद्धा दचकले. "गवाह मी हाय, तू न्हाईस!"

मालक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तू पुन्हा मैदानात दिसायचं न्हाई." झालं. माझा फुटबॉल तिथंच संपला. अख्ख्या टीमसमोर. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीनं निघालो. कंधारच्या फाट्यावर मोटार तापली. ड्रायव्हर पाणी आणायला गेला, तसा मी लांब एका बाभळीखाली जाऊन बसलो. थोड्या वेळानं पंत आले.

"इथं एकटा काय करून राहिला?"

"पंत, तुम्ही कोर्टातले माणूस आणि धडधडीत खोटं बोललात!"

"हाव. बोललो."

"पास माझ्या मागं होता!"

"चांगला दोन हात मागं होता. आंधळ्यालाबी दिसला असता." ते गुडघ्यावर हात ठेवून माझ्याशेजारी बसले. "तुला आडत हाय, बाप हाय. चार दिवस फुगशील, मग जेवशील. त्याला आईला घेऊन रस्त्यावर यावं लागलं असतं."

ते खरं होतं, आणि म्हणूनच मला आणखी राग आला. "मग रोज त्याच्यावरच का खेकसता?"

पंतांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला.

"हैदराबादेत एका सरकारी महकम्याच्या टीममधे होतो मी. सेंटर हाफ. नोकरी खेळापायीच मिळालेली. लगीन ठरलेलं होतं. फायनलला एक पास असाच मागं गेला. नोकरी गेली, मग लगीनबी मोडलं. ती पोरगी लई गुणाची होती."

ह्या माणसाला आम्ही काय काय म्हटलं होतं! "तुमच्या बाजूनं कुणीच बोललं नाही, पंत?"

"साहेबानं विचारलं की कसूर कोणाचा. सगळे उभे होते. सगळे माझे दोस्त, एका ताटात जेवणारे."

तिकडं ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. पंत उठले, शेरवानीची धूळ झटकली.

"एकजणबी खोटं बोलला न्हाई, बाबा. सगळे खरंच बोलले."