नानांचे चोवीस तास

लग्नाची पत्रिका हातात आली की माणूस आधी नवरा-नवरीची नावं वाचतो. आमच्या शेजारचे नाना ठोंबरे आधी पाकीट हुंगतात. "खळ हाय. तीपण पातळ," असा निकाल देतात आणि मगच लग्न कुणाचं ते विचारतात.

खोपोलीला खोक्यांच्या कारखान्यात नाना तीस वर्षं गोंदाच्या मशीनवर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी माणसं ओळखायची रीत तीच. नवा ग्रामसेवक म्हणजे "झटपट गोंद. लगेच चिकटतो, धक्का बसला का सुटतो." आमचे हे म्हणजे "दोन ट्यूबांवाला. वाळायला येळ घेतला, पण आता हलायचा नाय." मी कुठला गोंद, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

माझी लेक रुपाली कॉलेजात आहे आणि धनुर्विद्या शिकते. तिचे बाण कार्बनचे. कार्बनचा बाण म्हणजे पोकळ नळी. तिच्या तोंडात धातूची बोटभर पुंगळी गोंदाने बसवतात, तिला इन्सर्ट म्हणतात, आणि त्या इन्सर्टमध्ये बाणाचं टोक पिळून घट्ट करतात. रुपालीने दुकानातल्या झटपट गोंदाने बारा इन्सर्ट बसवले. सरावाला गेली, बाण लक्ष्यात रुतले, आणि ओढले तर नळी हातात नि टोक आतच. सोमवारी ती रडकुंडीला येऊन घरी आली. अलिबागची जिल्हा निवड रविवारी होती, आणि दुसरे बाण नव्हते.

"नानांकडे जा," मी म्हटलं. त्या वाक्याचा मला पुढे आठवडाभर पश्चात्ताप झाला.

नानांनी आधी नळी हुंगली. मग मापाला कापून उरलेले नळीचे तुकडे मागून घेतले. मंगळवारी त्यांच्या आंब्याच्या फांदीला तीन तुकडे लोंबत होते, तीन तऱ्हेच्या गोंदांनी इन्सर्ट बसवलेले, आणि प्रत्येकाखाली पाण्याने भरलेली बादली. नाना काठीने एकेका बादलीला धक्के देत होते. झटपटवाली तिसऱ्या धक्क्याला खाली आली आणि माझी वाळत घातलेली चादर भिजली.

"ताठ गोंद हाय गं तो," नाना रुपालीला म्हणाले. "ताठ असतो तो धक्क्याला चिरतो."

उरले दोन. दोन ट्यूबा मिसळून करायचा, आणि मेणबत्तीसारखी कांडी वितळवून लावायचा. बादल्या दोघांनीही धरल्या. नानांनी कांडी निवडली.

"दोन ट्यूबांवाला जास्त धरतो ना?" मी मध्ये तोंड घातलं.

"धरतो. पण इन्सर्ट वाकडा बसला तर जन्माचा वाकडा. ह्याला जराशी ऊब दिली का सोडतो, परत सरळ बसवता येतो. फकस्त धातू तापवायचा सूनबाई, नळी नाय. नळी तापली का मेली."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग ते म्हणाले, "रोज तीनच बाण. आणि चोवीस तास हात लावायचा नाय. घाई गोंदाला मानवत नाय."

झालं. बुधवारपासून रोज पाच वाजता रुपाली त्यांच्या ओटीवर. कालचे तीन घ्यायचे, आजचे तीन द्यायचे. मध्ये गवती चहा. काकू गेल्याला दोन वर्षं झाली, मुलगा बडोद्याला, त्यामुळे चहा नाना स्वतःच करतात. बाण सोडताना श्वास कधी धरायचा, वारा असला तर काय करायचं, हे सगळं ते तिला विचारायचे. ती सात वाजता घरी यायची.

शनिवारी शेवटचे तीन बाण त्यांच्याकडेच राहिले आणि माझं डोकं फिरलं. "नाना, सकाळी साडेसहाची एसटी आहे. आताच द्या."

"चोवीस तास नाय, रात तरी जाऊ दे," ते म्हणाले. "सकाळी मी हाय."

सकाळी सहाला ते फाटकाशी उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, आणि तीन बाण वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

दुपारी रुपालीचा फोन आला. निवड झाली होती. मी नानांना सांगायला धावले तर त्यांनी निवडीचं विचारलंच नाही.

"टोकं?"

"बाराची बारा जागेवर."

"बरं," म्हणाले, आणि घरात गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

रुपाली पुढच्या शिबिराला गेली. जाताना उरलेली कांडी पाकिटासकट घरी ठेवून गेली. मला छापलेलं दिसेल ते वाचायची खोड. चष्मा लावला. पाकिटावर लिहिलं होतं: थंड झाल्यावर दोन मिनिटांत वापरास तयार.

दोन मिनिटांत! मी चार दिवस देव पाण्यात घालून बसले होते. पाकीट मुठीत धरून तरातरा निघाले, आज नानांना सोडायचंच नाही म्हणून.

पाच वाजले होते. ओटीवर दोन कप मांडलेले होते. एकातून नाना चहा पीत होते, दुसऱ्यावर बशी झाकलेली होती. रुपाली शिबिराला गेलीय हे त्यांना ठाऊक होतं, तरी नजर आमच्या फाटकाकडे होती.

माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. मी पाकीट पदराखाली सरकवलं, आंब्याआड झाले, आणि उजव्या चपलेचा तळ बोटं घालून ओढला. बरीच ताकद लागली.

"नाना, चप्पल सुटली हो."

नानांनी चप्पल उलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला, हुंगली.

"सूनबाई, ही सुटलेली नाय. ओढलेली हाय."

त्यांनी चप्पल स्वतःशेजारी ठेवून घेतली. मग कपावरची बशी काढून त्यांनी कप माझ्याकडे सरकवला.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"चार तरी लागतील," नाना म्हणाले. "रोज येऊन बघून जा."