मुद्देमालाचा दसरा

पोलीस खात्याला माझ्यासारख्या माणसाची किती गरज आहे, हे खात्याला ठाऊक नव्हतं. मला पहिल्याच दिवशी कळलं.

सरकारी योजनेतली सहा महिन्यांची प्रशिक्षणार्थी म्हणून मी तालुक्याच्या ठाण्यात रुजू झाले, तेव्हा माझ्याजवळ बी.ए.ची पदवी, फौजदारकीच्या परीक्षेची तीन जाडजूड पुस्तकं आणि आईने भरून दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता. तेलगावात आमचं किराणा दुकान. दुकानात वाढलेल्या पोरीला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. कोणती बरणी कुठल्या फळीवर हे डोळे मिटून सांगणं, आणि धूळ दिसली की फडकं हातात घेणं. या दोन गुणांवर मी खातं सुधारणार होते. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र फौजदारकीच्या मुलाखतीत टेबलावर ठेवायचं, हेही ठरलं होतं.

मला दिलं मुद्देमालाच्या खोलीत. गुन्ह्यात जप्त केलेली प्रत्येक वस्तू निकाल लागेपर्यंत तिथे राहते. पाण्याच्या मोटारी, मोबाइल, कोयते, एक तबला, अर्धं शिलाई मशीन. अर्धं कशासाठी जप्त केलं ते मशीनला ठाऊक. या खोलीचे कारभारी तात्याबा जमादार. निवृत्तीला सहा-सात महिने राहिलेले, मिशा पिकलेल्या, आणि हस्ताक्षर असं की मुंग्यांनी शाईत पाय बुडवून वरात काढावी.

"शिवकन्या," ते मला पहिल्या दिवशी म्हणाले, "हितं कशालाच हात लावायचा न्हाई. वस्तू जशी आली तशी गेली पायजे. धूळ बसली तर बसू दे. धूळबी मुद्देमालच हाय."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. वही हरवली नाही. मीच ती परत उघडली नाही.

दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, नांदूरघाटच्या छबुबाई ठाण्यात यायच्या. सत्तरीच्या, काटक, डोईवर पदर. ओसरीवर टेकायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या.

"लेकी, माजी घागर हाय ना?"

"आहे, मावशी."

"बगू दे की जरा."

मी दार उघडून लांबूनच दाखवायची. कोपऱ्यात, सुतळीने लेबल बांधलेली एक तांब्याची घागर. लग्नात छबुबाईंना आईने दिलेली. आधी तिच्यातून आडाचं पाणी आलं, नळ आल्यावर ती चुलीवर चढली आणि रोज आंघोळीचं पाणी तापवत काळीठिक्कर झाली. सव्वा वर्षापूर्वी भंगारवाल्या धुळाजीने ती अंगणातून उचलली. तो चौथ्या दिवशी घागरीसकट सापडला. घागर मात्र अडकली. ती परत मिळावी म्हणून छबुबाईंनी दोनदा अर्ज केला आणि धुळाजीच्या वकिलांनी दोनदा हरकत घेतली, की ही घागर त्या बाईची कशावरून?

"माज्या आईची दुसरी कोणतीच वस्तू ऱ्हायली न्हाई गं," त्या म्हणायच्या. "मी मराया आधी ती घरात आली पायजे. आंगोळीचं शेवटचं पानी तिच्यातच तापलं पायजे."

त्या हे असं सांगायच्या, जसं कुणी बाजारातून मीठ आणायचं सांगतं. शेवटी एका मंगळवारी मला राहवलं नाही.

"मावशी, येत्या गुरुवारी तारीख आहे. तुम्ही कोर्टात घागर ओळखली की न्यायाधीश मॅडम तुमच्या हातात देतील. माझी हमी."

हमी देताना माझी नोकरी सहा महिन्यांची आहे हे मी विसरले.

बुधवारी साहेबांनी हुकूम काढला. "परवा घट बसतायत. ठाणं चकाचक दिसलं पाहिजे. खोल्या साफ करून घ्या."

आता हा हुकूम परजिल्ह्यातल्या माणसाने ऐकला असता, तर त्याने झाडू मारला असता. पण आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातली झाडून सगळी भांडी, गोधड्या, चाळण्या, पाट, पोळपाट असं सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, घासायचं, उन्हात वाळवायचं आणि मगच घरात देवी बसवायची. काळं भांडं घरात राहिलं तर देवी उंबऱ्यावरनं माघारी जाते, असं आईने मला पाळण्यात असल्यापासून सांगितलेलं. तात्याबा जमादार त्या दिवशी बीडला बैठकीला गेले होते. मला वाटलं, जमादारकाका परत येतील तेव्हा खोली बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

आलं. कारण वेगळं होतं.

मी चिंच भिजवली, कॅन्टीनच्या चुलीतली राख आणली आणि शिपाई वनमालाताईंना हाक मारली. त्या आल्याच, वर पदर खोचून बसल्या. मुद्देमालात तांब्याच्या घागरी तीन होत्या. एक छबुबाईंची, एक तलवाड्याच्या एका घरफोडीतली आणि एक हातभट्टीच्या छाप्यातली. तिघीही रात्रीसारख्या काळ्या. मी लेबलं हलक्या हाताने सोडली, ओसरीच्या कठड्यावर ओळीने मांडली, प्रत्येकावर खडा ठेवला. एवढी काळजी घेतली होती हो मी. आणि मग आम्ही दोघींनी घासायला घेतलं. वनमालाताईंचा गळा गोड. हात चालला की ओवी आपोआप येते:

चिंच राखेचा गं हात, तांबं उजळलं बाई,
काळ्या माज्या घागरीला, आता आरशाची घाई.

तासाभरात तिन्ही घागरी अशा झळकल्या, की लॉकअपमधला आरोपी गजांना धरून म्हणाला, "ताई, डोळ्यावर ऊन मारतंय, जरा पल्याड ठिवा."

आम्ही त्या पल्याड ठेवल्या. उपड्या. गोल करून.

तेव्हा लक्षात आलं. लेबलं ओळीत होती, घागरी गोलात होत्या.

"वनमालाताई, यातली पहिली कोणती?"

त्या घागरींभोवती एक फेरी मारून आल्या. "गोलात पहिलं कोण असतंय गं?"

मी धावत जाऊन पंचनामे काढले. म्हटलं, वर्णन तर असेल. छबुबाईंचा पंचनामा: 'तांब्याची जुनी काळी घागर, पोचे असलेली.' तलवाड्याचा: 'तांब्याची जुनी काळी घागर, पोचे असलेली.' हातभट्टीचा वाचायची गरज नव्हती, तरी वाचला. तात्याबा जमादारांनी तीस वर्षांत घागरीसाठी एकच वाक्य बनवलं होतं आणि ते जपून वापरलं होतं. पोचे तिन्हींना होते. काळेपणा आता एकीलाही नव्हता.

जमादारकाका चार वाजता आले. त्यांनी घागरी बघितल्या, लेबलं बघितली, माझ्याकडे बघितलं. डोक्यावरची टोपी काढून ते पायरीवर बसले.

"पोरी, एवडं कावून केलंस गं?"

"काका, दसरा..."

"आगं, आरोपीच्या वकिलाला आपन आयतं ताट वाडलं. उद्या म्हातारी म्हनंल, ही माजी न्हाई. केस गेली, घागर गेली, आन माजी पेन्शनबी चौकशीत."

त्या रात्रीचं जेवण मी केलं की नाही ते आठवत नाही. सकाळी मात्र आम्ही तिन्ही घागरी जीपमध्ये घातल्या आणि कोर्टात गेलो. माझ्या मांडीवर एक, काकांच्या मांडीवर एक, एक ड्रायव्हरच्या शेजारी. रस्त्यात लोक कुठल्या लग्नाला निघालात म्हणून विचारत होते.

कोर्टात बद्रीनाथ वकील आधीच उभे. पिंजऱ्यात धुळाजी, तोंडात काडी. साक्षीदाराच्या जागी छबुबाई, नवं लुगडं नेसलेल्या. आज घागर न्यायची म्हणून डोक्यावर ठेवायला चुंबळही घेऊन आलेल्या.

न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, "चोरीला गेली एक घागर आणि तुम्ही आणल्या तीन? पोलिसांकडे घागरी वितात का?"

काकांनी खाली बघत सगळं सांगितलं. माझं नाव आलं तेव्हा मी खांबाच्या मागे सरकले, पण खांब बारीक होता.

छबुबाईंना घागरी दाखवल्या. त्यांनी एकेक निरखली. चकाकत्या तांब्यात त्यांचा चेहरा तीनदा दिसला.

"बाई, ह्यातली माजी न्हाई," त्या म्हणाल्या. "माजी काळी हाय. ह्या नव्या हायत. दुसऱ्याची वस्तू मी कशी घिऊ?"

बद्रीनाथ वकिलांनी कोटाची कॉलर नीट केली. "मॅडम, फिर्यादीच नाही म्हणतायत. संपलं की."

मी बघितलं, छबुबाईंच्या हातातली चुंबळ हळूच घडी होऊन पिशवीत चालली होती. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खांब सोडून पुढे झाले.

"मॅडम, माफी असावी. चूक माझी आहे. पण त्यांना एकदा हातात घेऊन बघू द्या. डोळ्याला जे ओळखू येत नाही ते हाताला येतं. आमच्या दुकानात आई अंधारात बरण्या ओळखते."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "घ्या, आजी. उचलून बघा."

छबुबाईंनी पहिली उचलली. आयुष्यभराची सवय, सरळ कडेवर. बसेना. "न्हाई बा." दुसरी उचलली आणि लगेच नाक मुरडून लांब धरली. "आग्गं बया, हिला दारूचा वास मारतोय." जमादारकाकांनी चटकन हातभट्टीचं लेबल त्या घागरीवर ठेवलं. एक केस सुटली.

तिसरी उचलली. कडेवर घेतली. आणि घागर बसली. अशी बसली, जसं लेकरू आईच्या कडेवर बसतं, जराही न हलता. बाजूला एक मोठा पोचा होता, तो छबुबाईंच्या कंबरेच्या हाडावर अलगद टेकला.

"हीच गं," त्या म्हणाल्या, आवाज एकदम बारीक झाला. "लगीन झाल्याच्या वर्षी आडावर पडली हुती. सासू लई बोलली. पन पोचा पडला तवापासनं कडंला अशी बसायची, की दोन्ही हात मोकळे. एका हातात पोर, एका हातात दोर." आणि कोर्ट विसरून त्या गुणगुणल्या:

माहेराची गं घागर, माज्या कडंवर बसली,
चार कोसाच्या वाटंला, न्हाई थेंबानं सांडली.

टंकलेखकाने ओवीही जबानीत घेतली. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

बद्रीनाथ वकील उठले. "हरकत आहे. पोच्याची घागर कुठल्याही बाईच्या कडेवर बसेल."

"कुठल्याही?" मॅडम म्हणाल्या. "बघूया. ती खांबामागची मुलगी, इकडे ये."

मी घागर कडेवर घेतली. क्षणभर वाटलं, बसली. मग ती सरकली, माझ्या हातातून निसटली आणि फरशीवर अशी कोसळली की बाहेरच्या बाभळीवरचे कावळे उडाले.

"हळू की गं!" धुळाजी पिंजऱ्यातून ओरडला. "पाच कोस आनली मी तिला, एकदाबी पाडली न्हाई!"

घागर फरशीवर गोल गोल फिरत होती. बद्रीनाथ वकील हळूच खाली बसले.

"हेही लिहून घ्या," मॅडम टंकलेखकाला म्हणाल्या.

मी वाकून घागर उचलली. दुसऱ्या बाजूला नवाकोरा पोचा. "मावशी, मी..."

छबुबाईंनी पोच्यावरनं अंगठा फिरवला. "ऱ्हाऊ दे गं. आता दुसऱ्या कडंलाबी बसंल."

दुपारी आदेश झाला. छबुबाई चुंबळ डोईवर ठेवून, वर घागर ठेवून बसस्टँडकडे गेल्या. लांबपर्यंत ती चमकत होती.

पुढच्या मंगळवारी ठाण्याच्या ओसरीवर नांदूरघाटच्या सात बायका बसलेल्या. प्रत्येकीपुढे एक काळं भांडं.

"काय तक्रार आहे?" मी विचारलं.

"तक्रार कशाची? छबुबाई म्हनल्या, हितं सरकारी घासून देत्यात."

महिन्याभराने माझे सहा महिने भरले. प्रमाणपत्रात 'प्रशिक्षणकाळात प्राप्त केलेले विशेष कौशल्य' असा रकाना असतो. तात्याबा जमादारांनी निवृत्तीआधी शेवटचं काम म्हणून तो आपल्या मुंग्यांच्या अक्षरात भरला. 'तांब्याची भांडी उत्तम घासते.' खाली साहेबांची सही, ठाण्याचा गोल शिक्का.

मी ते कपाटात दडवलं होतं. आईने शोधलं, झेरॉक्स काढल्या आणि माझ्या लग्नाच्या माहितीपत्रकाला जोडल्या. आतापर्यंत चार स्थळं आली आहेत.

फौजदारकीची जाहिरात अजून निघायचीय.