वसंतअण्णा गुण देतात

वसंतअण्णांना कुणी 'नमस्कार' म्हटलं, तर ते आधी विचारतात, "कशासाठी?"

देशपांडे नगरातल्या आमच्या दवाखान्यात रेकॉर्ड रूम त्यांची. मी बाहेरच्या खिडकीत केसपेपर काढते. वीस वर्षं शेजारी बसतो, तरी फाईल देताना ते माझी सही घेतात आणि कालच्या सहीशी ताडून बघतात. मी त्यांच्या अगदी उलट. दारावर मिक्सर विकायला आलेल्या माणसाला मी चहा पाजला आणि मिक्सर दोन घेतले. म्हणूनच डॉक्टरबाईंनी सगळं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर न्यायचं ठरवलं, तेव्हा सॉफ्टवेअर निवडायचं काम अण्णांकडे गेलं. कंपन्या तीन, प्रत्येकीला पाचपैकी गुण.

पहिल्या कंपनीचे साहेब म्हणाले, "मोठमोठी हॉस्पिटलं आमचंच वापरतात, सर."

"मग आमच्याकडं कशाला आलात?"

अण्णांची तिन्ही कंपन्यांना परीक्षा एकच. आमच्याकडे एकाच खेड्यातल्या तीन मल्लव्वा येतात. तिघींच्याही नवऱ्याचं नाव बसप्पा. वय विचारलं की तिघीही म्हणतात, "साठ असंल की." त्यातल्या एकीला पेनिसिलिन चालत नाही. अण्णा तिला लांबून, चालीवरून ओळखतात.

पहिल्या सॉफ्टवेअरनं तिघींची मिळून एक मल्लव्वा केली. शून्य. दुसऱ्यानं चौथी तयार केली. "नसलेल्या बाईला सुई कोण टोचणार?" शून्य. तिसऱ्यानं तिघींचे फोटो घेतले, पेनिसिलिनवालीपुढं इशारा लावला, कुठंही चुकलं नाही. मी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. अण्णांनी शून्य दिलं.

"का हो अण्णा?"

"संशय आहे."

"कसला?"

"ते कळलं असतं तर संशय कशाला राहिला असता?"

डॉक्टरबाईंचा धीर सुटला. "आज पाचपर्यंत एक निवडा अण्णा. नाहीतर मी सरळ पहिलं घेऊन टाकते."

पहिलं, म्हणजे तिघींची एक करणारं. अण्णांचा चेहरा पडला.

साडेचारला मी आत डोकावले. ते तिसऱ्या सॉफ्टवेअरसमोर बसले होते आणि पडद्यावर त्यांचंच नाव होतं. पास करण्याआधी स्वतःला पेशंट करून बघायचं, हा त्यांचा नियम. वय, रक्तगट, विद्यानगरचा पत्ता, सगळं भरलेलं. फक्त एक चौकट लाल होती: जवळचे नातेवाईक.

"हे भरल्याशिवाय पुढं सोडत नाही," अण्णा म्हणाले. "चार दिवस झाले. याला कशाला हो माझ्या घरची चौकशी? माहिती चोरत असणार."

त्यांच्या घरी आता कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. ते रोज एका चौकटीत लाल होऊन त्यांच्यासमोर येत असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"सरका जरा."

मी एका बोटानं टाइप करणारी. माझं नाव लिहायला दोन मिनिटं लागली, स्वतःचाच फोन नंबर दोनदा चुकला. मग नात्यांची यादी उघडली. मी 'बहीण' दाबलं. लाल रंग गेला, पुढचं पान आलं.

अण्णांनी पडद्यावरचं माझं नाव बोट ठेवून वाचलं.

"थोरली का धाकटी, हे विचारत नाही?"

"नाही."

"विचारायला पाहिजे," असं म्हणून त्यांनी कागदावरचं शून्य खोडलं आणि एक गुण कापून चार दिले.