बिनकामाची सूची

"चार महिन्यांत एकदासुद्धा वापरलेली नाही ही," असं म्हणत संगणकवाल्या ताईंनी वाचनालयाच्या डेटाबेसमधली, नोंदी चटकन शोधून देणारी एक सूची सकाळीच पुसून टाकली. साफसफाईचा दिवस होता आणि ताईंना अडगळ डोळ्यांसमोर खपत नसे. सूची होती दिवंगत सभासदांच्या नोंदींची. गेलेल्या माणसांनी नेलेली पुस्तकं कोण शोधायला येणार?

अकरा वाजता घड्याळवाले आजोबा आले. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे चार महिने घरात अडकले होते. आजी गेल्यापासून, आजींनी नेलेली पुस्तकं ते अगदी त्याच क्रमानं वाचत होते.

"जिवंतपणी ती वाचलेलं सांगायची, आणि मी घड्याळात डोकं घालून बसायचो," ते ग्रंथपालांना म्हणाले. "आज शेवटचं द्या."

ग्रंथपालांनी आजींचा नंबर टाकला. कुठल्या वाटेनं शोधायचं हे डेटाबेसमधला नियोजक ठरवतो. सूची असली की तो थेट हव्या त्या नोंदीवर जातो. आज ती नव्हतीच, तेव्हा त्या बिचाऱ्यानं चाळीस वर्षांच्या नोंदी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतल्या. बाकीची सगळी कामं तुंबली आणि रांग दाराबाहेर गेली.

"ताई, काय करून ठेवलंत हे?" ग्रंथपाल ओरडले. "आजोबा, उद्या येता का?"

"उद्या नको हो. फार थांबलोय. ह्या रांगेतल्यांचं आधी होऊ द्या, मी बसतो."

ते स्टुलावर बसले, दुखरा पाय लांब करून. ताईंनी चालू शोध थांबवला, सूची पुन्हा बांधली आणि नंबर स्वतः टाकला. नियोजकानं सूची पाहिली आणि क्षणात पुस्तकाचं नाव पुढे ठेवलं.

ग्रंथपालांनी चष्मा सावरला. "आजोबा, हे परत आलेलंच नाही. आजींचं सभासदत्व बंद करताना आमच्याकडून मागायचं राहिलं. तुमच्या घरीच असणार."

"निळं? जाडजूड?"

"हो, निळंच."

आजोबा हसू लागले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. "अहो, पलंगाचा एक पाय आखूड आहे. ती गेली त्या आठवड्यात मीच न बघता खाली सारलं. सात वर्षं त्याच्यावर झोपतोय मी!"

"मग आता?"

"आता काय," काठी घेऊन उठत आजोबा म्हणाले, "डुगडुगू दे पलंग."