सासू-सासऱ्यांना कॅनडाची सवय लावताना

कोण कुठे टिकेल आणि कोण कुठून पळून येईल, हे मी माणसाची नुसती चप्पल बघून सांगतो! खोटं वाटत असेल तर रोह्याला आमच्या कंपनीत येऊन विचारा. नवीन माणूस रुजू झाला की मी त्याच्या पायांकडे बघतो आणि कँटीनमध्ये निकाल जाहीर करून टाकतो, "हा दिवाळी बघत नाही!" आता, ज्यांच्याबद्दल मी असं म्हणालो त्यांतले दोघे आज माझे साहेब आहेत, ही गोष्ट वेगळी.

तर माझी मेव्हणी भाविका हिने आपल्या आई-बापाला कॅनडाला बोलावलं, तेव्हा ते तिथे टिकतील की नाही, हे ठरवायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. म्हणजे कोणी दिलं नाही. मी घेतलं.

भाविका तिकडे नर्स आहे. नवरा साईराज तिथल्याच एका गोदामात शिफ्ट करतो. घरात तान्हं बाळ, भाविकाची सुट्टी संपत आलेली, आणि बाळाला बघायला कोणी नाही. व्हिसा आला, तिकिटं आली. फक्त माणसं जागची हलेनात!

माझे सासरे जगनबाबा कासूच्या पुढे, खाडीकाठच्या गावात राहतात. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाने बांध घातलाय, त्या बांधाच्या कमिटीचे हे अध्यक्ष. "मी गेलो तर बांध कोन बघंल?" हे त्यांचं एकच म्हणणं. "माझ्याबिगर गावात पान नाय हलत!"

सासूबाई धोंडुबाई तर सरळ घाबरल्या होत्या. "मी तिथं जाऊन काय करू गो?" त्या माझ्या बायकोला विचारत. "बोलता येत नाय, थंडी सोसत नाय. पोरीला मदत रायली बाजूला, तिलाच माझं करावं लागंल."

वनिता, म्हणजे माझी बायको, मला म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना जरा धीर द्या ना."

"धीर कशाला? ट्रेनिंग देतो!" मी म्हणालो. "दोघांना आपल्याकडे पेणला, रामवाडीत आण. मी परदेश बघितलाय."

परदेश म्हणजे कंपनीने मला एकदा सिंगापूरला पाठवलं होतं. तिथे पेणपेक्षा जास्त उकडत होतं. पण परदेश तो परदेश!

ट्रेनिंग जोरात सुरू झालं. पहिला धडा काटा-चमच्याचा. मी स्वतः प्रात्यक्षिक दाखवायला घेतलं आणि माझ्या काट्याखालचा बोंबील जो सटकला, तो शेजारच्या काकूंच्या ताटात जाऊन पडला. काकू तेव्हापासून जेवायच्या वेळी येत नाहीत, हा फायदाच झाला म्हणा. दुसरा धडा 'सॉरी' आणि 'थँक्यू'चा. सासूबाईंनी बाजारात कोळणीला प्रत्येक मासळीमागे थँक्यू म्हणून दाखवलं. कोळणीला वाटलं, ही बाई आपली टिंगल करतेय. तिने कोयता टेबलावर असा आपटला, की सॉरीचाही सराव तिथल्या तिथे झाला!

पण खरा प्रश्न थंडीचा. कॅनडातली थंडी पेणमध्ये आणायची कुठून? आमच्या एसीने जास्तीत जास्त शिंक येते.

आणि मला हर्षद आठवला! हर्षद माझा शाळेतला मित्र. खाडीकडच्या रस्त्याला त्याचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. आत खोलीभर बर्फाची वाफ, कोळंबीचे क्रेट, आणि थंडी अशी की माणसाने तोंड उघडलं तर शब्द गोठून खाली पडावा.

त्या दिवशी वनिता रोह्याला बायजाआत्यांच्या नातवाच्या बारशाला गेली होती. बायजाआत्या म्हणजे जगनबाबांची बहीण. आम्ही तिघे बारशाला न जाता परस्पर हर्षदकडे गेलो. भाविकाने कुरिअरने दोन जाकिटं पाठवली होती, चांगली गादीएवढी जाड. ती मी सासू-सासऱ्यांना घातली, डोक्यावर माकडटोप्या चढवल्या. दोघं फुगवलेल्या गणपतीसारखी दिसायला लागली.

"तुमच्या अंगावर कायच नाय, जावयबापू," सासूबाई म्हणाल्या.

"मला लागत नाही! मी लग्नानंतर मनालीला बनियनवर फिरलोय!" मी म्हणालो. हे खरं नव्हतं. मनालीला मी हॉटेलातल्या रजईतून बाहेर आलो नव्हतो.

मग हर्षदला बाजूला घेऊन बजावलं, "आत गेल्यावर चांगला वेळ आम्हाला राहू दे. कोणी कितीही ओरडलं, दार बडवलं, तरी उघडायचं नाही. रडले तरी नाही! तिथे कॅनडात कोण दार उघडणार आहे?"

"अरे पण..."

"पण नाही नि बिण नाही. शपथ घे!"

बिचाऱ्याने शपथ घेतली.

आत जायच्या आधी बायजाआत्यांचा मेसेज आला, 'दादा-वहिनी कुठे आहेत? बारशाला का नाही आले?' मी नातेवाइकांच्या ग्रुपवर घाईघाईत उत्तर टाकलं, 'आई-बाबांना कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलं आहे. भाविकाला इतक्यात कळवू नका, घाबरेल. बाकी भेटल्यावर बोलू.' आणि खाली सवयीने हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी गुड मॉर्निंगलाही तेच टाकतो!

दार बंद झालं. मोबाइलची रेंज गेली.

सुरुवातीला मी भाषण केलं. "आता समजा, हा कॅनडा. हे कोळंबीचे क्रेट म्हणजे भाविकाची बिल्डिंग..." एवढं बोललो आणि दात वाजायला लागले. माझे! कान बधिर झाले. नाक आहे की नाही, ते हात लावून बघितलं, तर हातालाच कळेना. सासरे मस्त एका क्रेटवर बसून होते. सासूबाई मासळी बघत फिरत होत्या. "ही सुरमय बरी हाय," त्या म्हणाल्या.

"आ... आ... आता पुरे," मी म्हणालो आणि दाराला धक्का दिला. दार बंद. मी मूठ आपटली. "हर्षद! उघड!"

बाहेरून हर्षदचा आवाज आला, "नाही!"

"अरे, मी स्वतः सांगतोय! मी, हरेश!"

"तूच शपथ घातलीस ना!"

"ती मी मोडली! उघड रे! मी मरतोय!"

"असं पण म्हणशील, हे ठाऊक होतं मला!" हर्षद अभिमानाने ओरडला. एवढा एकवचनी मित्र देव कोणाला न देवो!

मग मी काय काय केलं, ते नीटसं आठवत नाही. सासऱ्यांच्या म्हणण्यानुसार मी आधी हर्षदला शिव्या दिल्या, मग त्याला कोळंबीचा धंदा लखलाभ होवो म्हणालो, मग आईला हाक मारली, आणि सरळ क्रेटवर आडवा झालो. सासूबाईंनी आपलं जाकीट काढून माझ्यावर टाकलं आणि दाराजवळ जाऊन एकदाच म्हणाल्या, "हर्षद बाबा, तुजा मित्र पडला रे."

दार ताबडतोब उघडलं. शपथ ओरडण्याची आणि दार बडवण्याची होती, सासूबाईंच्या साध्या आवाजाची नव्हती!

थंडीने माझा फोन बंद पडला होता, आणि बाहेर तास-दीड तास उन्हात बसवून चहा पाजला तरी माझे पाय चालेनात. हर्षदने मला त्याच्या मासळीच्या टेंपोत मागे निजवलं, अंगावर होती नव्हती तेवढी पोती टाकली. सासूबाईंनी जाकीट परत चढवलं आणि दोघं पुढे हर्षदच्या शेजारी बसली. टेंपो रामवाडीकडे निघाला.

आणि आमच्या बिल्डिंगखाली ही गर्दी!

तुम्हाला कळलंच असेल. मला नव्हतं कळलं. 'कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलं आहे', 'भाविकाला कळवू नका' आणि वर हात जोडलेले! परदेशातली मुलगी येईपर्यंत मयत बर्फात ठेवायची पद्धत आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? रोह्याचं बारसं अर्ध्यावर मोडून सगळी माणसं आली होती. जरीच्या साड्या, गजरे, एकीच्या हातात घुगऱ्यांचा डबा, आणि सगळ्या ढसाढसा रडत होत्या! बायजाआत्यांनी तर टाहो फोडला होता, "जोडीनं गेलाव रे दादा! येकमेकाला सोडून नाय गेलाव!" वनिता पायरीवर बसली होती. तिचे डोळे बघवत नव्हते. ती कधीची मला फोन लावत होती आणि माझा फोन लागत नव्हता.

कासूकडून जगनबाबांचे धाकटे भाऊ कान्हूकाका सगळा गाव घेऊन आले होते. ते एका बाजूला गावकऱ्यांशी गंभीरपणे बोलत होते.

टेंपो थांबला. मागे पोत्याखाली आडवं शरीर बघून एकच आकांत झाला. "आणलं गो आणलं!" बायका पुढे धावल्या. कोणीतरी माझ्यावर हारही टाकला. आणि पुढचं दार उघडून, फुगीर जाकिटात, माकडटोपी घातलेले जगनबाबा खाली उतरले!

लोक असे पांगले, जसा एसटी स्टँडवर बैल शिरावा! घुगऱ्यांचा डबा उडाला. बायजाआत्या धावल्या त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन थांबल्या, ज्यांना एरवी पहिला मजला चढायला लिफ्ट लागते!

फक्त वनिता पळाली नाही. ती धावत आली, आईच्या गळ्यात पडली, बापाच्या तोंडावरून हात फिरवला. मग टेंपोत वाकून पोतं उचललं. "मग हे कोण?"

"मी," मी पोत्याखालून म्हणालो.

"तुम्ही पण?" ती किंचाळली.

या गडबडीत कान्हूकाकांना मात्र पत्ता नव्हता. ते पाठमोरे होते आणि बोलण्यात रंगले होते. जगनबाबा शांतपणे त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. काका सांगत होते, "दादाचं झालं तं झालं. कमिटीची बैठक उद्याच लावू. अध्यक्ष मीच व्हतो. तसं बी दादाला बांधाचं काय कळत व्हतं? मोठ्या भावाला बोलाचं कसं, म्हनून आमी गप व्हतो!"

आणि गावकरी माना डोलावत होते! एकजात सगळे!

"कान्हू," जगनबाबा म्हणाले.

कान्हूकाका वळले आणि मटकन खाली बसले. जगनबाबा चिडले नाहीत. टोपी काढून हातात घेतली, माना डोलावणाऱ्यांकडे एकेक करून बघितलं. "बरं झालं," ते हळूच म्हणाले. "मना वाटत व्हता, मी गेल्यावर तुमचं कसं व्हईल."

एवढ्यात वनिताचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. भाविका! ज्या ग्रुपवर मी 'भाविकाला कळवू नका' लिहिलं होतं, त्या ग्रुपमध्ये भाविकाही होती, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. तिकडे नुकतं उजाडत होतं. ती फरशीवर बसली होती, मांडीवर बाळ, आणि दोघंही रडत होती.

सासूबाईंनी फोन हातात घेतला. भाविका बघतच राहिली.

"आई? तू हायस?"

"हाय गो. जावयबापूंनी थंडी दाखवाया नेलं व्हतं."

"आई, मला वाटलं..." आणि ती पोर जी हमसून रडली! "मी रोज म्हणते बरं चाललंय. नाय चाललं गो बरं! बाळाला ताप येतो तेव्हा मला कायच सुचत नाय. दवाखान्यात सगळ्यांचं करते नि घरी येऊन रडत बसते. तू कायच नको करू. नुसती येऊन बस!"

बिल्डिंगखाली सगळ्यांनी पदर, रुमाल डोळ्यांना लावले. पोत्याखाली मी पोत्याचं टोक. सासूबाईंनी माकडटोपी वर सरकवली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नुसतं बसाया जमंल मना. रडू नको. येताव आमी."

जगनबाबांनी फोनमध्ये डोकावून सांगितलं, "हितं मना कायच काम नाय रायलं!"

दोघं गेली. विमानतळावर मी शेवटची सूचना द्यायला तोंड उघडलं, तर वनिताने हाताला धरून मागे ओढलं.

टिकली का, विचारता? अहो, रमलीत! जगनबाबांनी भाविकाच्या खिडकीत कुंडीत मेथी लावलीय आणि गल्लीतला बर्फ ढकलायला चार घरचे लोक त्यांना हाक मारतात. सासूबाईंची पलीकडच्या एका म्हातारीशी गट्टी जमलीय. ती तिच्या भाषेत बोलते, या आपल्या आगरी बोलीत बोलतात, आणि दोघी सुनांबद्दलच बोलत असाव्यात, कारण अडत कुठेच नाही. सासूबाईंना सून नाही, पण म्हातारीला आहे ना! भाविका कामावर जायला लागली. परवा पहिल्यांदाच तिच्या तोंडावर झोप पूर्ण झाल्यासारखं दिसलं.

फक्त एक राहिलं. सासूबाईंची म्हैस. जाताना त्या म्हणाल्या होत्या, "शेजारची बाय रोज बघंल, पन रविवारी तिला सुट्टी पायजे." रविवार माझ्याकडे आला. म्हशीचं नाव चंद्री. तिला पुरुषाचा वाससुद्धा चालत नाही! पहिल्या रविवारी तिने मला गोठ्याबाहेर काढलं, दुसऱ्या रविवारी उकिरड्यावर. आता गावात कट्ट्यावर बसून कान्हूकाका सगळ्यांना विचारत असतात, "जावय टिकंल काय?" आणि सगळे माझ्या चपलेकडे बघतात.

शेवटी शेजारणीने उपाय सांगितला. गेल्या रविवारी मी तो केला. चंद्री गप्प उभी राहिली, पहिली धार भांड्यात पडली, आणि तेवढ्यात खिळ्याला टांगलेला फोन वाजला. वनिताने बाहेरून येऊन, मी नको नको म्हणत असताना, तो उचलला! पलीकडे सासूबाई. पायांत पॅन्ट, अंगात जाकीट, डोक्यावर लाल लोकरी टोपी. त्यांनी डोळे बारीक करून गोठ्यात बघितलं.

"कोन गो ती बसलीय? माझं लुगडं नेसून?"

मी तोंड फिरवलं. "मीच आहे, आई."

त्यांनी फोन आणखी डोळ्यांजवळ धरला. मग अगदी समजुतीच्या सुरात त्या म्हणाल्या, "पदर डोईवर घ्या, जावयबापू. उघड्या डोक्याची बाय तिला आवडत नाय."

घेतला. दूध वाढलं हो!