उलट्या मोज्यांचा खुलासा

गैरसमज निवारण कक्ष सुरू होऊन अकरा महिने झाले होते आणि या अकरा महिन्यांत एकाही गैरसमजाचे निवारण झालेले नव्हते. याला कर्मचाऱ्यांचा आळस जबाबदार नव्हता. जबाबदार होता नियम चार. गैरसमज बाळगणाऱ्या नागरिकाने स्वतः कार्यालयात येऊन, विहित नमुन्यातील अर्जावर 'माझा पुढीलप्रमाणे गैरसमज आहे' असे लिहून सही केल्याशिवाय निवारणाची कारवाई सुरू करता येत नव्हती. अशी सही करायला अद्याप कोणी आलेले नव्हते.

अर्ज भरायला लोकांना अवघड जात असावा, असे साहेबांना वाटले. त्यांनी आवक-जावक कारकुनाला एक नमुना अर्ज भरून दारावर लावायला सांगितले.

आवक-जावक कारकून सरळ माणूस होता. त्याचे वडील विज्ञानाचे शिक्षक. चौतीस वर्षे त्यांनी मुलांकडून 'शास्त्रीय कारणे द्या' लिहून घेतले होते आणि घरातही कारण दिल्याशिवाय पंखा लावू दिला नव्हता. कारकुनाने बराच विचार केला. खरा गैरसमज लिहावा तर कोणाचे तरी मन दुखावणार. कोणाचाही नसलेला असा एखादा हवा. विचार करता करता त्याची नजर खाली गेली. सकाळच्या घाईत त्याने डावा मोजा उलटा घातला होता. त्याने लिहिले, 'मोजे उलटे घातल्यास खोकला जातो.' सही कुठे करायची हे लोकांना कळावे म्हणून त्याने खाली सहीही केली.

दुपारी साहेबांनी दारावरून तो कागद काढून आणला.

"पहिला अर्ज आला आणि तुम्ही नोंद केली नाही?"

"साहेब, तो नमुना आहे."

"सही आहे ना त्यावर?"

"माझी आहे."

"मग? तुम्ही नागरिक नाही का?"

कारकुनाने आवक नोंदवही उघडली. अर्जाला आवक क्रमांक एक मिळाला आणि चौथ्या दिवशी वर्तमानपत्रांत, दवाखान्यांत आणि बसथांब्यांवर कक्षाचा पहिला खुलासा झळकला: 'मोजे उलटे घातल्याने खोकला जातो हा गैरसमज आहे. नागरिकांनी त्यावर विश्वास ठेवू नये.'

त्या दिवसापर्यंत ही गोष्ट जगात फक्त एका माणसाला माहीत होती. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या गावाला माहीत झाली. बसथांब्यावर दोन बायका खुलासा वाचत होत्या, त्यांच्यामागे कारकून उभा होता.

"काहीतरी असणार गं," पहिली म्हणाली. "नाहीतर एवढं मोठ्या अक्षरात 'नाही' कशाला म्हणतील?"

"पण पायांतले दोन्ही उलटे घालायचे का एकच, ते दिलं नाही."

हाच प्रश्न कार्यालयातही इतका वारंवार विचारला गेला, की दुसरा खुलासा काढावा लागला: एक मोजा उलटा घातला किंवा दोन, उपयोग होत नाही. लोकांनी त्यातून दोन पद्धती असल्याचे जाणले. तिसऱ्या खुलाशात लोकरी आणि सुती, दोन्ही मोजे निरुपयोगी असल्याचे नमूद झाले, तेव्हा थंडीतले आणि उन्हाळ्यातले असे भागही पडले. बाजारातल्या एका दुकानदाराने 'मुळातच उलटे शिवलेले' मोजे आणले. ते घरी नेऊन लोक पुन्हा उलटे करीत, आणि गुण आला नाही म्हणून भांडायला येत.

कारकून हे सारे बघून मनातल्या मनात हसत होता. ते हसू एका सकाळी घरीच थांबले. वडील खुर्चीत बसून खोकत होते. खोकल्याला सोळा दिवस झाले होते. त्यांच्या पायांत मोजे होते आणि टाचेचे दोरे बाहेर लोंबत होते.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"मला माहीत आहे ते खोटं आहे," वडील म्हणाले. "पण नुकसान काय आहे?"

"मग डॉक्टरांकडेही चला."

"असं कसं? प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. दोन्ही केलं तर गुण कशाने आला, ते कळणार कसं?"

कारकून त्यांच्यासमोर स्टुलावर बसला. "बाबा, ते मी लिहिलंय. माझ्या टेबलावर बसून, माझ्या हाताने. नमुना म्हणून. त्याच्या आधी असं काही नव्हतंच."

वडिलांनी प्रेमाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझ्यावर वरून दबाव आहे, कळतं मला. नोकरीचा प्रश्न आहे. मी कोणाला काही बोलणार नाही."

पुढच्या तीन दिवसांत ताप चढला. चौथ्या सकाळी दारातल्या तीन पायऱ्या चढताना वडिलांना दोनदा थांबावे लागले. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. कारकुनाची बायको त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही केलंय, तुम्हीच निस्तरा." तिने रिक्षा आधीच बोलावून ठेवली होती.

कारकून वडिलांच्या कानाशी वाकला. दार बंद आहे ना, हे त्याने मागे वळून पाहिले.

"बाबा, आतली गोष्ट सांगतो. खुलाशातून एक ओळ गाळली आहे. मोजे नुसते उलटे घालून चालत नाहीत. डॉक्टर छाती तपासतात तेव्हा ते पायांत असावे लागतात. आणि गोळ्या संपेपर्यंत काढायचे नाहीत."

"हे आधी नाही का सांगायचं?" वडील काठीसाठी हात पुढे करत म्हणाले.

डॉक्टरांनी छाती तपासली. फुप्फुसाला सूज होती. "आणखी चार दिवस घरी बसले असते तर अवघड होतं," त्या म्हणाल्या. त्यांची नजर मोज्यांवर गेली, तिथून कारकुनावर आली, आणि त्यांनी निमूटपणे गोळ्या लिहून दिल्या. बाहेर बाकावर तसेच दोरे लोंबणारे मोजे घातलेले आणखी सात जण बसले होते.

बाराव्या दिवशी वडील फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मोज्यांना दोष देऊ नका. नियमाने घातले पाहिजेत." लोक नियम विचारून घेत आणि थेट दवाखान्याकडे वळत. कारकून खिडकीतून ऐकत होता. जाणूनबुजून खोटे तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला होता, आणि लोकांनी त्याचे ऐकलेही पहिल्यांदाच होते. वडील बरे झाले म्हणून त्याला रडू येत होते आणि तोंड कुठे लपवावे हे कळत नव्हते.

डॉक्टरांकडे जाण्याच्या या नव्या अटीची बातमी कक्षात पोचली तेव्हा साहेबांनी तत्काळ चौथा खुलासा लिहिला: 'मोजे घालून डॉक्टरांकडे गेल्याने खोकला बरा होतो हाही गैरसमज आहे.' कागद जावक नोंदीसाठी कारकुनाकडे आला आणि तिथून तो कधीच कुठे गेला नाही. विचारणा झाली तेव्हा कारकुनाने शांतपणे 'शोध सुरू आहे' असे लेखी उत्तर दिले.

तेवढ्यात वरिष्ठ कार्यालयाने जनतेत एकूण किती गैरसमज शिल्लक आहेत याची आकडेवारी मागवली. घरोघर दोन रकान्यांचे अर्ज वाटले गेले. पहिला रकाना: तुमचे स्वतःचे गैरसमज. दुसरा: इतरांचे, तुम्हाला माहीत असलेले.

अर्ज झाडून सगळे परत आले. छाननी कारकुनाने केली. पहिल्या रकान्यात प्रत्येकाने 'निरंक' लिहिले होते. दुसऱ्याला जागा अपुरी पडल्याने पुरवणी कागद जोडले होते: शेजारी, सासू, मेहुणा, हल्लीची पिढी, मागची पिढी. त्याच्या वडिलांनी दुसऱ्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'माझा मुलगा. मोज्यांनी काहीच होत नाही, असे त्याला वाटते.' कारकुनाने स्वतःचा अर्ज शेवटी भरला. पहिल्या रकान्यावर त्याचे पेन थोडा वेळ थांबले. मग त्यानेही निरंक लिहिले.

अहवाल असा गेला: 'या कार्यक्षेत्रातील एकाही नागरिकाचा कोणताही गैरसमज नाही. ज्यांचे आहेत ते सर्व इतर असून ते या कार्यक्षेत्रात राहत नाहीत.' उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झाल्याबद्दल कक्षाचा गौरव करण्यात आला.

छापलेले काही अर्ज उरले. त्यांतला एक वाचकांसाठी इथे जोडण्याचे ठरले होते. तथापि पहिल्या रकान्यात आपण काय लिहाल हे कार्यालयास ज्ञात असल्याने, तो आपल्या वतीने भरून दाखल करून घेण्यात आला आहे.