स्टुलावरच्या सासूबाई

अनुयाने पडदा सारला आणि चहाचा कप तिच्या हातातच राहिला. गुडघे दुखतात म्हणून ज्यांच्यासाठी खाली खोली बांधायचा घाट घातला होता, त्या तिच्या सासूबाई, यमुनाबाई, बागेत स्टुलावर चढून शेजारच्या मिस्टर ह्यूजच्या वेलावरची स्वीट पीची सुगंधी फुलं तोडत होत्या. तीही चांगली परडीभर.

अहो, ब्रिटनमधल्या ह्या अख्ख्या कार्डिफ शहरात दुसऱ्या कुणाची फुलं चालली असती. पण नव्या खोलीची भिंत नेमकी ह्यूजच्या कुंपणाला लागून येणार होती आणि त्यांची संमती अजून यायची होती.

"आई, इथे ह्याला चोरी म्हणतात."

"कुंपणावरून डोकावलेलं फूल देवाचं असतं. पुण्यात कोण विचारतं?"

"फूल कुठे डोकावलं? तुम्ही डोकावलात."

अनुयाने पूजेला दुकानातून फुलं आणून दिली. सासूबाईंनी ती जेवणाच्या टेबलावर सजवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल गाठलं. शेवटी सुटीच्या दिवशी अनुया त्यांच्याजवळ बसली आणि रागवायचं सोडून तिने सरळ कारण विचारलं. 

"तुम्ही दोघं नवरा-बायको सकाळीच हॉस्पिटलला कामाला जाता. फुलं काढायचीत म्हणून तरी मी उठते गं. नाहीतर मला इथे उठायचं कारण काय?"

 खोलीचं काय व्हायचं ते होवो म्हणत अनुया सासूबाईंना आणि बेसनाचे लाडू घेऊन ह्यूजच्या दारात उभी राहिली. सगळं ऐकून म्हातारबुवा हसायलाच लागले. त्यांनी खिडकीतून कधीच पाहिलं होतं म्हणे. स्वीट पीची फुलं रोज तोडावी लागतात, नाहीतर वेल शेंगा धरतो आणि फुलायचा थांबतो, आणि त्यांचा तर खांदा धरलेला. वेल इतका बहरलाय तो ह्या बाईंमुळे, तोडत राहा, असं सांगून त्यांनी लाडू खाता खाता संमतीपत्रावर सही ठोकली. वर कुंपणात फाटक करायला सुचवलं. यमुनाबाईंनी सुनेकडे असं काही पाहिलं की विचारू नका.

घरी येताच अनुयाने खुशीत नकाशा पसरला. सासूबाईंनी चष्मा लावला, ऊन कुठल्या बाजूने येतं ते विचारलं आणि मान हलवली.

"ही भिंत नको. वेलावर सावली पडेल."

"अहो आई, खोली तुमच्यासाठीच आहे."

"मग माझं ऐक. पलीकडच्या बाजूला काढ."

शेजाऱ्याची लेखी संमती हातात धरून अनुया बसून राहिली. हरकत घरातूनच आली होती आणि ती घेणाऱ्या बाई फाटकाची जागा बघायला बागेत गेल्यासुद्धा.